एकोणीस लड्या आणि विसावं कार्ड

आमच्या सोसायटीत कुणी ‘कॉम्प्युटरनं असं सांगितलंय’ म्हणालं की मी लगेच विचारते, ‘आणि कॉम्प्युटरला कुणी सांगितलं?’ त्यामुळे शेजारच्या बायका मला संशयी म्हणतात. म्हणू देत. एकेकाळी मी संशय घ्यायला उशीर केला, आणि तो उशीर एका भल्या माणसाला भोगावा लागला. तीच हकीकत इथे सांगते.

मी मूळची सीमाभागातल्या मैंदर्गीची. घरात कानडी, शाळेत मराठी. गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि सोलापुरातल्या एका कापड गिरणीत पंच ऑपरेटर म्हणून लागले. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर गिरणीत नव्हता, तो पुण्याला. आमच्याकडे कार्डांना भोकं पाडणारी तीन यंत्रं आणि एक लांबट खोली. पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकांनी माहिती लिहायची, कार्डं पत्र्याच्या ट्रंकेत भरून पुण्याला न्यायची, तिथे भाड्यानं घेतलेल्या तासात ती मशीनला वाचायला द्यायची आणि छापलेले कागद घेऊन परत यायचं. पुढे गिरणीनं मला सहा महिने पुण्याला शिकायला पाठवलं. परत आले ती कोबोल नावाची भाषा घेऊन, आणि गिरणीची एकमेव प्रोग्रॅमर होऊन.

ही भाषा शिस्तीची. माहिती ठेवायच्या प्रत्येक जागेबद्दल तिला आधी लिहून द्यावं लागे, की या आठ घरांत अंकच येतील, त्या आठ घरांत अक्षरंच. एकदा जाहीर केलं की त्यात बदल नाही.

आमची अडचण इथेच सुरू झाली. गिरणीच्या प्रयोगशाळेत रंगवलेल्या सुताच्या नाना चाचण्या होत. सुताची लडी यंत्राला अडकवून ती किती पौंडांना तुटते ते बघायचं, हा झाला अंक. ठरलेल्या वजनापेक्षा लडी किती कमी-जास्त भरली, हाही अंकच, पण त्यात उणेसुद्धा येणार. रंगाची छटा म्हणजे अंक आणि अक्षर मिळून एक संकेत. शिवाय तारीख. प्रत्येक चाचणीला वेगळी जागा द्यावी तर कार्डावर घरं फक्त ऐंशी.

आमचे तांत्रिक अधिकारी केसकरसाहेब म्हणाले, “बिराजदारबाई, सगळ्या चाचण्यांना एकच कार्ड बसवा. उद्या नवी चाचणी आली तर पुन्हा पुण्याच्या फेऱ्या नकोत.”

मी बसवलं. कोबोलमध्ये ‘रिडिफाइन्स’ म्हणून एक सोय होती. तीच आठ घरं एकदा अंक म्हणून जाहीर करायची, पुन्हा अक्षरं म्हणून, तिसऱ्यांदा तारीख म्हणून. जागा एकच, नावं तीन. आत काय आहे ते कळावं म्हणून शेजारी एक खुणेचं घर ठेवलं. एक म्हणजे ताकद, दोन म्हणजे वजनातला फरक, तीन म्हणजे छटा, चार म्हणजे तारीख. प्रोग्रॅमनं आधी खूण बघायची आणि त्याप्रमाणे आठ घरं वाचायची. खूण आणि आतला माल यांचा मेळ आहे की नाही, हे मात्र भाषा बघत नसे. ते आमच्या इमानावर. म्हणून मी आणखी एक तपासणी घातली होती. खूण अंकाची असेल तर आत खरोखर अंक आहे का, हे मशीनला विचारायचं, आणि ‘नाही’ म्हणाली तर ते कार्ड बाजूला काढायचं. या तपासणीचा मला फार अभिमान होता.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग लाल चादरींची एक मोठी ऑर्डर आली. रंगखात्यात बारा हौद होते, त्यांना ए पासून एल पर्यंत इंग्रजी अक्षरांची नावं. पुढच्या शेडमधले ए ते आय हे नऊ हौद गुरप्पा या रंगाऱ्याकडे. मागच्या शेडमधले जे, के आणि एल हे तीन नरसय्या या दुसऱ्या रंगाऱ्याकडे. महिनाभर बाराही हौदांत एकच रंग, एकवीस नंबरचा पक्का लाल.

महिनाअखेरीचा रिपोर्ट घेऊन मी पुण्याहून आले आणि केसकरसाहेबांसमोर ठेवला. गुरप्पांच्या नऊही हौदांतल्या सुताची सरासरी ताकद सदुसष्ट पौंड. नरसय्यांच्या तिन्ही हौदांची सेहेचाळीस.

साहेबांनी सेहेचाळीसच्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. “साठला माल पास होतो. सेहेचाळीस म्हणजे सूत जाळलंय. कॉस्टिक सोडा जास्त टाकल्याशिवाय असं होत नाही. तेही तिन्ही हौदांत सारखंच. हे चुकून झालेलं नाही.”

नरसय्या त्या सुमारास युनियनमध्ये पुढे होते. साहेबांच्या मनात काय चाललंय हे मला कळत होतं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “रिपोर्ट चुकीचा असू शकतो का?”

मी म्हणाले, “नाही साहेब. अंकाच्या जागी अंकच आहे की नाही, ही तपासणी मी स्वतः घातली आहे.”

या वाक्याची मला आजही लाज वाटते.

आठवड्याच्या आत नरसय्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. मालाचं नुकसान मुद्दाम केल्याचा आरोप. आणि त्याच आठवड्यात गुरप्पांना नारळ, उपरणं आणि प्रशस्तिपत्र देऊन संपूर्ण रंगखात्याचे मुकादम केलं. त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. मला कानडीत म्हणाले, “नम्म मशीनु, अव्वा!” म्हणजे आपली मशीन. मलाही बरं वाटलं, आपल्या भागातला माणूस म्हणून.

नंतर एका दुपारी नरसय्या आमच्या खोलीच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, सडसडीत, नखांत कायमचा लाल रंग बसलेला. घरात तेलुगू, पण आयुष्य सोलापुरात गेलेलं. त्यांनी पिशवीतून लाल सुताच्या दोन लड्या काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या.

“अम्मा, हे माज्या के हौदातलं सूत हाय. तुमची मशीन म्हणती सेहेचाळीसला तुटतंय. मशीननं वढून बगितलंय व्हय?”

“मशीन ओढत नाही, मामा. प्रयोगशाळेत ओढतात. मशीन नुसती बेरीज करते.”

“मंग परत वढायला सांगा की. मी सायबास्नी म्हणलो, ते म्हणतात रिपोर्ट हाय, आता वढायचं कारण न्हाय.” मग म्हणाले, “तीस वर्सं सूत रंगवलो. बापानं हात धरून शिकवलं. सूत जाळणारा मानूस म्हून बायकू-पोरांम्होरं कसा बसू?”

मी लड्या ठेवून घेतल्या. माझा विश्वास बसला होता म्हणून नव्हे. खिडकीशी आणखी बोलाचाली नको म्हणून.

प्रयोगशाळेत तात्या म्हणून वयस्कर कारकून होते. त्यांना म्हटलं, एवढ्या ओढून बघा. पहिली लडी एकसष्टला तुटली, दुसरी साठला. तरी माझ्या मनात आधी आलं ते हेच, की या लड्या नरसय्यांनी दुसऱ्या हौदातल्या आणल्या असतील. लाल तर सगळाच सारखा.

मी तात्यांचं रजिस्टर मागितलं. के हौदाच्या पानावर आकडे होते अठ्ठावन्न, एकसष्ट, साठ, बासष्ट. सेहेचाळीसच्या जवळपासचा एकही नाही. आता मला तात्यांचा संशय आला. नरसय्यांची दया येऊन पान मागून बदललं की काय? मी शाई बघितली, खाडाखोड बघितली, शिवण उसवलीय का तेही बघितलं. तात्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते.

“बाई, काय शोधताय?”

“काही नाही.”

“काही नाही असं शोधत नसतं कुणी,” तात्या म्हणाले आणि रजिस्टर माझ्या हातातून काढून घेऊन त्यांनीच पुढचं पान उलटून दाखवलं.

मग पाळी मेहरूनची. तिन्ही यंत्रांवर मुली बसायच्या, पण प्रयोगशाळेचे कागद मेहरूनकडे. हात इतका चालायचा की यंत्राचा आवाज एकसंध लागायचा. मी तिला जरा कडकच विचारलं, के हौदाची कार्डं पंच करताना काय झालं होतं?

“कुच नई हुआ, बाजी. मय तो तुम जैसा सिखाए वैसाच करी.” मला ती बाजी, म्हणजे ताई म्हणायची. घाबरली होती, पण नजर वळवली नाही. “गिनके देखो.”

मोजून बघा. सोपी गोष्ट, पण तोवर मला सुचली नव्हती. सरासरी म्हणजे भागाकार, आणि कितीनं भागलं ते मी बघितलंच नव्हतं. रिपोर्टच्या कडेला बारीक अक्षरात चाचण्यांची संख्या छापलेली असे. के हौदापुढे होती वीस. तात्यांचं पान मोजलं. लड्या एकोणीस.

मी के हौदाचा गठ्ठा काढून टेबलावर एकेक कार्ड मांडत गेले. एकोणीस कार्डं ताकदीची, रजिस्टरशी जुळणारी. विसावं कार्ड छटेचं. शून्यं भरून एकवीस आणि शेवटच्या घरात के. म्हणजे एकवीस नंबरचा लाल, के हौद. पण त्याच्या खुणेच्या घरात तीन नव्हता. एक होता. छटेला ताकदीची खूण लागली होती.

मेहरूनला विचारलं तेव्हा उलगडा झाला. पूर्वी छटेचा कागद वेगळा येई. त्या महिन्यापासून तात्यांनी कागद वाचवायला छटा ताकदीच्याच फॉर्मच्या तळाशी लिहायला सुरुवात केली होती, आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. एका कागदावर एकच खूण असते, पहिल्या कार्डावर दाबायची, पुढच्या कार्डांवर यंत्र आपोआप उतरवून घेईल, हे तिला कुणी शिकवलं होतं? मी. छटांची यादी तीन महिन्यांतून एकदा निघायची, त्यामुळे हौदांच्या छटा गायब झाल्याचं कुणाला दिसलंही नव्हतं.

पण मग माझी तपासणी? के हे अक्षर असताना मशीन ‘हो, अंक आहे’ असं कशी म्हणाली?

मी ते कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. कार्डावर अंकाला एक भोक पडतं, अक्षराला दोन. के ची दोन भोकं म्हणजे एक वरच्या पट्टीत आणि एक दोनच्या ओळीत. आणि अंक उणे असेल तर उण्याची खूण शेवटच्या अंकाच्या डोक्यावर, त्याच वरच्या पट्टीत पडते. म्हणजे के आणि उणे दोन यांची भोकं एकच. तसूभर फरक नाही. वजनातल्या फरकासाठी ते घर उण्याचं चालेल असं मीच जाहीर केलं होतं. मशीननं प्रामाणिकपणे वाचलं, उणे दोनशे बारा. एकोणीस लड्यांची बेरीज अकराशे चाळीस, त्यातून दोनशे बारा गेले, राहिले नऊशे अठ्ठावीस. वीसनं भागा. अपूर्णांक सोडून सेहेचाळीस.

जे, के, एल ही तिन्ही अक्षरं उण्याच्या बाजूची. ए ते आय मात्र अधिकच्या बाजूची; अधिकची खूण दिलीच तर ती आणखी वरच्या पट्टीत पडते. त्यांची भोकं आणि अधिक एक ते अधिक नऊ यांची भोकं एकच. म्हणजे गुरप्पांच्या प्रत्येक हौदात कुणी न टाकलेले दोनशे दहाच्या वर पौंड जमा झाले होते. सदुसष्टही तितकंच खोटं होतं. पण त्या आकड्याबद्दल ना साहेबांनी मला काही विचारलं होतं, ना मी स्वतःला.

मी केसकरसाहेबांकडे गेले. त्यांना सगळं समजायला अर्धा तास लागला, पण समजलं. मग त्यांनी दार लावून घेतलं.

“म्हणजे पंचिंगची चूक.”

“नाही साहेब. रचनेची. माझी.”

“हे बघा बाई, प्रोग्रॅम चुकला म्हटलं तर वर्षभराच्या सगळ्या रिपोर्टांवर प्रश्न येतील. पुण्याचा सगळा खर्च वाया गेला म्हणतील. त्या मुलीकडून नजरचूक झाली म्हणू, तिला समज देऊ. नरसय्याला परत घेऊ. कुणाचं काही बिघडत नाही.”

मी ‘बरं’ म्हणाले नाही. पण ‘नाही’ही म्हणाले नाही. दोन दिवस तसेच गेले. मेहरून रोज समोर बसून काम करत होती, आणि तिच्या मानेकडे बघून मला वाटायचं, हिला कळलं असेल का?

तिसऱ्या दिवशी नरसय्यांना आदेश मिळाला. तो घेऊन ते आमच्याकडेच आले. मराठी वाचायची त्यांना फार सवय नव्हती.

“अम्मा, वाचा. काय लिवलंय?”

मी वाचलं. ‘संशयाचा फायदा देऊन कामावर रुजू करून घेण्यात येत आहे.’

“संशयाचा फायदा म्हंजी?”

“म्हणजे... तुमच्यावर आरोप सिद्ध झाला नाही.”

“संशय हाय का न्हाय?”

मी पुन्हा कागदाकडे बघितलं.

“हाय की. लिवलंयच तसं.” त्यांनी कागदाची घडी घातली. “ह्या कागदावर मी हौदाला हात लावणार न्हाय. घरी बसंन, विड्या वळंन. मी केलं न्हाय, असं लिवून पायजे. आन् कुनी केलं ते बी.”

ते जायला वळले. मेहरूनचं यंत्र थांबलं होतं. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ‘कुनी केलं’ या शब्दांवर तिचे हात थांबले होते.

मी नरसय्यांना थांबायला सांगितलं. कोरा कागद घेतला आणि त्यांच्यासमोरच लिहिलं: सुताच्या ताकदीचा रिपोर्ट चुकीचा होता. चूक प्रोग्रॅमच्या रचनेत होती. ती रचना माझी. रंगाऱ्याचा किंवा पंच ऑपरेटरचा यात काही दोष नाही. खाली सही केली. तीन प्रती काढल्या, एक साहेबांना, एक युनियनला, एक त्यांना. त्यांची प्रत त्यांना दोनदा वाचून दाखवली. पहिल्यांदा मराठीत, आणि दुसऱ्यांदाही मराठीतच, पण सावकाश, कारण मला तेलुगू येत नव्हतं. त्यांनी माझ्या सहीवर अंगठा फिरवून बघितला, शाई वाळली की नाही म्हणून, आणि पिशवीत ठेवली. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

सोमवारी ते कामावर आले. त्या सोमवारीच माझं प्रोग्रॅमिंग काढून घेतलं आणि मला पंचिंगच्या यंत्रावर बसवलं, मेहरूनच्या शेजारी. वर्ष-सव्वा वर्ष मी तिथे होते. पहिल्याच दिवशी तिनं माझी बोटं बघून सांगितलं, “बाजी, हात भारी हो गया तुम्हारा,” म्हणजे जड झाला, आणि नंतर वर्षभर तिच्या हाताखाली मी पुन्हा शिकले. यंत्रावर बसायच्या आधी मला एकच काम पुरं करू दिलं होतं, ते म्हणजे रचना बदलायचं. मी प्रत्येक प्रकाराला वेगळं कार्ड दिलं. कार्डं वाढली, ट्रंक जड झाली, पुण्याचा हमाल कुरकुरला.

त्या महिन्याचा रिपोर्टही पुन्हा काढला. सगळ्या बाराही हौदांची सरासरी एकच आली. साठ.

मला वाटलं, आता प्रकरण मिटलं. पण दुसऱ्या दिवशी गुरप्पा नवा कागद घेऊन आले. यावेळी कानडीत बोलले नाहीत.

“बाई, माजे सात पौंड कुटं गेले?”

मी त्यांना खाली बसवलं. कार्ड दाखवलं, भोकं दाखवली, सी म्हणजे अधिक तीन कसं होतं ते दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं. आन् नरसय्याचं?”

“त्यांचंही साठ.”

“माजं बी साठ, त्याचं बी साठ.” ते हसले. “ही मशीन हाय का पंचायत? युनियन बोंबलली, सायेब भ्यालं, आन् तुमी दोगास्नी सारकं वाटून दिलं. व्हय का न्हाय?”

“आप्पा, तुमचं कमी झालेलं नाही. आधीचंच जास्त छापलं होतं.”

“सायबानं मला नारळ दिला तवा तुमी हितंच हुबा हुतासा. तवा का न्हाय म्हणला, जास्त हाय म्हून?”

मुकादमी त्यांच्याकडेच राहिली, प्रशस्तिपत्रही कुणी परत मागितलं नाही. पण रंगखात्यातले लोक त्यांना पाठीमागे ‘सदुसष्ट आप्पा’ म्हणू लागले. ते कानावर गेल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. नरसय्या मात्र येता-जाता खिडकीत क्षणभर थांबायचे, “चाललंय का, अम्मा?” एवढंच विचारायचे.

खोट्या आकड्यानं बुडालेल्या माणसाला मी समजावू शकले. ज्याला तो आकडा मानाचा वाटला, त्याला मात्र शेवटपर्यंत नाही. पुढे मी पुन्हा प्रोग्रॅमिंगवर आले, दुसऱ्या ठिकाणी नोकरी केली, भाषा बदलल्या, मशीन टेबलावर आल्या. नव्या मुलांना मी सांगायचे, रिपोर्टातला वाईट आकडा कुणीही तपासतं, तुम्ही आधी चांगला तपासा. ती मान डोलवायची आणि वाईटच तपासायची.

गुरप्पा मला अखेरचे भेटले ते मंगळवार बाजारात. दोघंही निवृत्त. त्यांच्या हातात काठी होती, दृष्टी अधू झालेली, पण माझा आवाज त्यांनी ओळखला. इतक्या वर्षांनी कानडीत विचारलं, “हेंग इद्दी, अव्वा?” कशी आहेस, बाई. मी बरं आहे म्हणाले. घरची चौकशी झाली. मग त्यांनी माझा हात धरून मला ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला नेलं आणि आवाज खाली आणला.

“आता ती गिरनी बी न्हाय, सायेब बी न्हाय. आता तरी खरं सांगा. सदुसष्टच हुतं न्हवं?”

मला ‘हो’ म्हणता आलं असतं. कुणाचं काहीच गेलं नसतं.

“नाही, आप्पा,” मी म्हणाले. “साठच.”

त्यांनी माझा हात सोडला, मान हलवली, आणि कीव आल्यासारखं हसले.

“अजून भिताय की तुमी.”